अधिक-उणे मामा

माझ्या मेहुणीच्या लग्नात केटररने विचारलं, "पानं किती धरू?" सासऱ्यांनी सवयीप्रमाणे छताकडे बघितलं आणि 'साडेचारशे' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला, "चारशे बारा. अधिक-उणे सदतीस."

केटररने वहीतून मान वर केली. "म्हणजे नक्की किती?"

"तेच तर सांगितलं," मामा म्हणाले.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, माझे मामेसासरे. आदल्या रात्री सगळे मेंदीत गुंतलेले असताना हे गृहस्थ आमंत्रणाची यादी मांडीवर घेऊन बसले होते. कोकणातले कोण येणार, ऑफिसातले कोण फक्त आहेराचं पाकीट पाठवणार, कोणत्या दोन काकू एकमेकींना टाळतात, प्रत्येकापुढे एक आकडा आणि त्या आकड्यापुढे आणखी एक आकडा. रात्री एक वाजता त्यांनी मला उठवून सांगितलं, "जावईबापू, घोळ सुमोत आहे. एकाच सुमोतून येणारे सात जण हे सात पाहुणे नव्हेत. तो एकच पाहुणा, सात पोटांचा. आला तर अख्खा येईल, नाही तर अख्खा घाटात अडकेल. हे सात जण सुटेसुटे धरले तर एरर कमी येते आणि आपण फसतो." मी 'बरोबर आहे' म्हणून कूस बदलली. अर्ध्या झोपेत माणूस कशालाही बरोबर म्हणतो.

केटरर मात्र जुना, मुरलेला होता. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही काहीही सांगा, आम्ही दहा टक्के वरचं धरतोच. बोलत नाही, एवढंच." हे ऐकताच मामा उठले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. "दहा टक्के म्हणजे एकेचाळीस! माझे सदतीस आले होते. तुमचा अनुभव किती वर्षांचा?" केटरर संकोचला. एवढ्या आदराने त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारतात ते जिलबी साजूक तुपातली आहे ना, इतकंच.

लग्नाला ४३१ पानं उठली. सगळ्यांनी मामांचं कौतुक केलं. मामा मात्र विहिणींच्या पंगतीशेजारी तोंड पाडून बसलेले. विचारलं तर म्हणाले, "हा माझा दहावा अंदाज. दहाही मर्यादेत बसले."

"मग वाईट काय झालं?"

"अहो, मी जी मर्यादा सांगतो तिच्यात शंभरातले अडुसष्ट बसायला हवेत. दहातले तीन तरी बाहेर जायला नकोत का? दहाच्या दहा आत बसणं शंभरात फार तर दोनदा घडेल. याचा अर्थ सरळ आहे. मी भितोय. चूक होऊ नये म्हणून पदर लांब सोडतोय." आणि मग अगदी हळू आवाजात, "हीसुद्धा लबाडीच."

असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आपल्याकडे लोक एकमेकांची उणीदुणी काढतात. मामा फक्त स्वतःची काढतात, आणि तीही दशांशात.

पोटापाण्यासाठी त्यांनी जन्मभर हेच केलं. २००२ च्या १७ मार्चला रशियातल्या प्लेसेत्स्क इथून दोन जुळे उपग्रह वर गेले. मोहिमेचं नाव ग्रेस, अमेरिका आणि जर्मनी यांची भागीदारी. उपग्रहांची लाडाची नावं टॉम आणि जेरी. मामा त्या वेळी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात होते आणि या जोडीच्या आकड्यांवर त्यांची नेमणूक झाली. आकडे काढायला नव्हे, ते दुसरे लोक काढत. त्या आकड्यांत किती चूक असेल, ते सांगायला. घरी आलेल्या पाहुण्याला मामी ओळख करून देताना म्हणायच्या, "हे चुकीचे तज्ज्ञ आहेत." पाहुणा हसायचा. मामांना यात विनोद कुठे आहे ते आजही समजलेलं नाही.

टॉम आणि जेरी काय करायचे, ते मला मामांकडून इतक्यांदा ऐकावं लागलंय की आता मीच सांगू शकतो. जमिनीपासून सुमारे पाचशे किलोमीटर उंचीवर एक पुढे, एक मागे, असे दोघे ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरायचे. दोघांमधलं अंतर सुमारे २२० किलोमीटर. मी एकदा 'पुणे ते कोल्हापूर' म्हणालो, तर मामांनी नकाशावर पट्टी ठेवून 'सरळ रेषेत कागल' अशी दुरुस्ती केली. पावसाळ्यात गंगेचं खोरं पाणी पिऊन जड होतं. जड झालं की त्याची ओढ वाढते. पुढच्याला ती आधी लागते, तो किंचित पुढे सरकतो, अंतर वाढतं. मग मागच्यालाही ओढ लागते आणि अंतर भरून निघतं. हा फरक मायक्रॉनच्या हिशेबात मोजायचा. पुण्यात एक, कागलला एक, आणि मधल्या अंतरात केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या-साठाव्या भागाइतका फरक पडला तरी कळायला हवा. महिनाभर असं फिरल्यावर पृथ्वीवर कुठे वजन वाढलं, कुठे घटलं, याचा एक नकाशा तयार होतो. वजन बहुतेक पाण्याचंच. ग्रीनलंडचं बर्फ वितळलं, ॲमेझॉनला पूर आला, पंजाबच्या बोअरवेलींनी जमिनीखालचं पाणी उपसलं, सगळं त्यात येतं.

"येतं खरं," मामा म्हणतात, "पण पायजम्यातून येतं."

पहिल्यांदा जे नकाशे निघाले त्यांच्यावर म्हणे उत्तर-दक्षिण पट्टेच पट्टे. दोघे पळणार उत्तर-दक्षिण, अंतर मोजणार तेही त्याच दिशेला, मग पूर्व-पश्चिम काय चाललंय याची त्यांना खबर अर्धवटच. त्यात खाली हवेचं आणि भरती-ओहोटीचं वजन तासातासाला जागा बदलतं. ते गणिताने वजा करायचं आणि ती वजाबाकी कधीच पुरती जमत नाही. जे उरतं ते पट्ट्यांच्या रूपाने नकाशाभर पसरतं. एका पट्ट्यावरच्या चुका एकमेकींचा हात धरून असतात. इथे मामा माझ्याकडे रोखून बघतात, कारण हीच ती सुमो.

पट्टे घालवायला इस्त्री फिरवतात. गणिताची इस्त्री, तीनेकशे किलोमीटर रुंदीची. पट्टे जातात, पण पंजाबचा लाल रंग राजस्थानच्या वाळवंटात उतरतो आणि वाळवंटाचा कोरडेपणा पंजाबात. मामी हे ऐकून एकदाच खुश झाल्या होत्या. "बघा, मी हेच सांगते. नवा कुडता पांढऱ्या कपड्यांत भिजवू नका." उतरलेला रंग परत त्याच्या कपड्यात चढवायचा, किती चढवला ते लिहायचं, आणि चढवताना किती चूक झाली असेल तेही लिहायचं. मामांची वीसेक वर्षं या धुलाईत गेली.

बरं, एवढ्याने संपत नाही. पृथ्वी ध्रुवांपाशी किती चपटी आहे, तो आकडा या जोडीकडून नीट मिळत नाही. तो लेसरने मोजलेल्या दुसऱ्या उपग्रहांकडून उसना घ्यायचा. पृथ्वीचा वस्तुमध्य किती सरकला, हे तर या दोघांना दिसतच नाही, कारण ते त्याच मध्याभोवती फिरत असतात. शिवाय हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याखाली दबलेली जमीन, बर्फ वितळून हजारो वर्षं झाली तरी, अजून वर येतेय. कॅनडात, स्कँडिनेव्हियात, अंटार्क्टिकात. पाहुणे उठून गेल्यावर गादी हळूहळू फुगत राहावी तशी. उपग्रहाला गादी कुठली आणि पाहुणा कुठला, हे कळत नाही. त्याला फक्त वजन कळतं. अंटार्क्टिकाच्या हिशेबात सगळ्यात मोठा संशय या गादीचाच असतो.

पुढची जोडी २०१८ च्या २२ मेला वर गेली. तिच्यातल्या एका उपग्रहाचं धक्के मोजायचं यंत्र काही आठवड्यांतच कुरकुरायला लागलं. मग दुसऱ्याच्या यंत्राचे आकडे थोडे फिरवून त्याला चिकटवायचे. एका भावाची नाडी बघून दुसऱ्याला औषध. "चालतं," मामा म्हणाले, "पण नाडी कुणाची, ते लिहायला हवं."

पुण्यात कायमचे परत आल्यावर पहिल्याच महिन्यात वाण्याच्या बिलाखाली त्यांनी 'चू. भू. द्या. घ्या.' वाचलं आणि ते दुकानातच उभे राहिले. लहानपणी हे त्यांनी शेकडो वेळा वाचलं असेल. पण जगभरच्या परिषदांमधून 'आकड्यासोबत चूक सांगा' म्हणून घसा कोरडा करून आलेल्या माणसाला, सिंहगड रस्त्यावरचा एक वाणी शेंगदाण्याच्या बिलाखाली तेच छापतो, हे दिसलं तेव्हा भरून आलं. ते वाण्याला म्हणाले, "मराठीतलं हे सगळ्यात शास्त्रीय वाक्य आहे. फक्त एक राहिलंय."

"काय राहिलं? गूळ?"

"किती ते राहिलं. चूकभूल द्यावी घ्यावी, बरोबर. पण किती रुपयांपर्यंत?"

वाण्याने बिल परत घेतलं, बेरीज तपासली, बरोबर होती, परत दिलं. तेव्हापासून मामांचा डबा आला की तो स्वतः तराजूपाशी उभा राहतो. भाजीवाल्याकडे तर याहून कठीण. रिकाम्या काट्यावर शून्य दिसतंय ना, हे पुण्यात सगळेच बघतात. मामा पुढे जातात. तोच फ्लॉवर पाच वेळा ठेवायला लावतात. भाजीवाली तिसऱ्या वेळेला म्हणते, "बाबा, वाढत नाही तो ठेवून ठेवून." रिकामा काटा ही त्यांच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे. जिथे काहीच घडत नाही असं माहीत आहे, अशा वाळवंटावर किंवा भर समुद्रात उपग्रह काय दाखवतो ते बघायचं. तिथे जी वळवळ दिसेल ती पाण्याची नाही, ती यंत्राची. २००६ मध्ये जॉन वार, शॉन स्वेन्सन आणि इझाबेला वेलिकोन्या यांनी उपग्रहाच्याच आकड्यांतून दर वर्षीची ऋतूंची चढउतार काढून टाकली आणि उरलेल्या वळवळीला चूक मानलं. त्या वळवळीत थोडं खरं पाणीही असणार, म्हणून ही चूक खऱ्यापेक्षा जास्तच निघते. निघू दे, म्हणाले ते. वार यांचं नाव घेताना मामा अजूनही कानाच्या पाळीला हात लावतात, गवयी गुरूचं नाव घेताना लावतो तसा.

घरात तीन घड्याळं आहेत. तिन्ही वेगळी वेळ दाखवतात आणि तशीच ठेवायची असा हुकूम आहे. टेक्सासमधलं ऑस्टिन, कॅलिफोर्नियातली जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी आणि जर्मनीतलं पॉट्सडाम, अशा तीन ठिकाणी त्याच उपग्रहांच्या आकड्यांवरून वेगवेगळे नकाशे काढतात. ते अगदी जुळत नाहीत. पंचांगकर्ते तीन, आकाश एक, असा प्रकार. पण तिघांमधले दोन-दोन घेऊन फरक काढत गेलं, की प्रत्येकाची स्वतःची डळमळ किती, हे वेगळं काढता येतं. खरी वेळ कुणालाच माहीत नसली तरीही. या युक्तीचा जन्मच घड्याळं पारखताना झाला, म्हणून मामांकडे घड्याळं. मामी गाडी पकडायची असली की शेजारी जाऊन वेळ विचारून येतात.

मामी हा या घरातला दुसरा पक्ष. आयुष्यात त्यांनी कधी काही मोजलेलं नाही. मीठ चिमटीने, पाणी डोळ्याने, रवा 'हाताला समजतो'. मामांनी एकदा पंधरा दिवस त्यांच्या नकळत चिमटीतलं मीठ वजन करून पाहिलं. चिमूट उचलली की 'थांब, जरा दाखव' म्हणायचं आणि सोनाराच्या छोट्या काट्यावर ठेवायचं. नकळत म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणे नकळत. पंधरा दिवसांनी त्यांनी वही मिटली आणि मला म्हणाले, "हिची चिमूट आमच्या यंत्रापेक्षा स्थिर आहे." मामी आतून म्हणाल्या, "पाचशे किलोमीटरवरून पंजाबचं पाणी दिसतं, आणि समोरच्या आमटीत मीठ आज दोनदा पडलंय ते कळलं नाही."

माझ्या साडूंचं बाळ सात महिन्यांचं असताना झालेला प्रसंग मात्र मामांच्या जिव्हारी लागला. बाळ काट्यावर टिकेना, तेव्हा मामांनी आपली पद्धत काढली. आधी बाळाला घेऊन स्वतः काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. "आम्ही भूजल असंच काढतो. उपग्रह सांगतो एकूण पाणी. त्यातून मातीतली ओल वजा, बर्फ वजा, तळी-धरणं वजा. उरतं ते जमिनीखालचं. पण मातीतली ओल कुणी मोजलेली नसते, ती गणिताने धरलेली असते. म्हणजे दोन्ही वजनांतल्या चुका बिचाऱ्या बाळाच्या अंगावर येतात." बाळ ७.२ किलो निघालं, अधिक-उणे ०.३. मागच्या महिन्यात ७.१ होतं. आईने उत्सुकतेने विचारलं, "वाढलं ना हो मामा?"

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सांगता येत नाही. वर्षभर रोज वजन केलं तर कल सांगेन."

आईचे डोळे भरले. मामींनी बाळ उचललं, कडेवर एकदा हिंदकळलं आणि निकाल दिला, "शंभर ग्रॅम तरी वाढलंय." सगळे हसले, बाळही. मामा त्या रात्री जेवले नाहीत. त्यावरून नवरा-बायकोत झालेलं भांडण त्यांनी नंतर मला समजावून सांगितलं. "चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत, जावईबापू. माझी तीन, हिची चार, तर घराची सात होत नाही, पाच होते. काटकोन त्रिकोणासारखी. पण अट एक, दोन्ही चुका स्वतंत्र हव्यात. आमच्या नाहीत. ही चिडली की मी चुकतो, आणि मी चुकलो की ही चिडते. आमच्याकडे पूर्ण सात होते."

आता पंजाबचा आकडा सांगितल्याशिवाय मामांचं चित्र पुरं होणार नाही. २००९ मध्ये 'नेचर'मध्ये मॅट रोडेल, वेलिकोन्या आणि जेम्स फॅमिग्लिएटी यांनी लिहिलं की राजस्थान, पंजाब आणि हरियाणा (दिल्ली त्यातच) इथून भूजल वर्षाला १७.७ घन किलोमीटर या वेगाने कमी होतंय. अधिक-उणे ४.५. ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात मिळून १०९ घन किलोमीटर गेलं, आणि पाऊस त्या वर्षांत जवळपास नेहमीसारखाच होता. म्हणजे दोष ढगांचा नव्हता. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले वीरेंद्र तिवारी यांनी वार आणि स्वेन्सन यांच्यासोबत याहून फार मोठ्या, अख्ख्या उत्तर भारताच्या आणि आसपासच्या पट्ट्यासाठी आकडा काढला, वर्षाला ५४ घन किलोमीटर, अधिक-उणे ९. पुढे २०१६ मध्ये आणखी एक लेख आला, त्याचं शीर्षकच प्रश्नार्थक, की ग्रेसने वायव्य भारतातली घट फुगवून तर सांगितली नाही ना. पंजाबचा लाल रंग परत चढवताना हात जड पडला का, असा तो वाद. मामांना विचारलं की कोण बरोबर, तर म्हणतात, "आकडे वेगळे असतील, पण पाणी चाललंय यावर सगळे एकमेकांच्या मर्यादेत आहेत."

एका वर्तमानपत्राच्या तरुण वार्ताहराने एकदा फोन केला. "सर, चौकट आहे, जागा नाही. एकच आकडा द्या."

"मग १७.७ काढा," मामा म्हणाले, "अधिक-उणे ४.५ ठेवा."

"सर?"

"अहो, बातमी त्यातच आहे. साडेचार घन किलोमीटर म्हणजे सुमारे १५९ टीएमसी. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, पुण्याची चारही धरणं मिळून २९ टीएमसी. आमची नुसती शंका पुण्याची चारही धरणं पाच वेळा भरेल. आणि एवढी शंका धरूनही पाणी कमी होतंय हे पक्कं. आता सांगा, यातलं मोठं काय?" वार्ताहराने आभार मानले. दुसऱ्या दिवशी १७.७ छापून आलं, एकटंच. मामांनी ते कात्रण कापून त्यावर लाल शाईने ± ४.५ लिहिलं आणि फाइलला लावलं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीने तिसरी बोअर घ्यायची ठरवली. सभेत मामांना सल्लागार म्हणून बोलावलं. अध्यक्ष म्हणाले, "मामा उपग्रहावरून पाणी बघतात, ते सांगतील." मामा उभे राहिले. "तीन-चारशे किलोमीटरपेक्षा लहान काहीही या उपग्रहाला धड दिसत नाही. अख्खा महाराष्ट्र असेल तर काही बोलता येईल. आपला प्लॉट अठ्ठावीस गुंठे आहे. शिवाय आपल्याखाली काळा कातळ. पंजाबसारखा गाळ नाही, पाणी असेल ते भेगांत आणि झिजलेल्या थरात. लागेल किंवा नाही लागणार." आणि बसले. सभेत शांतता पसरली. "मग उपयोग काय यांचा?" असं मागून कुणीतरी म्हणालं, तेही फार हळू नाही.

पाणाड्या आला. बारामतीकडचे अण्णा, डोक्यावर टोपी, तळहातावर नारळ. चप्पल काढून ते अठ्ठावीस गुंठे फिरले. पार्किंगच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला. "दोनशे दहा फुटांवर तीन इंची पाणी हाय. लिवून घ्या." सगळ्या सोसायटीचा जीव भांड्यात पडला. दोनशे दहा. तीन इंच. असा आकडा हवा.

दोनशे दहा फुटांवर पांढरी भुकटी उडाली. अडीचशेलाही भुकटी. तीनशे पस्तीसला कुठे एक इंचभर ओल लागली. अध्यक्षांची नवी गाडी पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखी झाली. मी मामांच्या कानात म्हणालो, "दोनशे दहा, अधिक-उणे एकशे पंचवीस." मामा हसले नाहीत. "एका मोजणीवरून एरर काढत नसतात, जावईबापू." आणि दोन कप चहा घेऊन अण्णांकडे गेले. अण्णा पाण्याच्या टाकीमागे एकटेच बसले होते.

"अण्णा, आजवर किती ठिकाणं दाखवलीत? आणि किती ठिकाणी लागलं?"

अण्णांनी इकडेतिकडे बघितलं. मग बंडीच्या आतल्या खिशातून एक चुरगळलेली वही काढली. गाव, गट नंबर, फूट, आणि पुढे बरोबर किंवा फुली. एकशे त्रेचाळीस ओळी. मामांनी चष्मा पुसून पहिल्या पानापासून मोजल्या. एक्याण्णव बरोबर. "चौसष्ट टक्के," ते म्हणाले, "अधिक-उणे चार." त्यांचा आवाज कापत होता.

मग नेहमीचा प्रश्न आलाच. "आणि नारळाशिवाय? डोळे झाकून कुठेही खणलं असतं तर किती ठिकाणी लागलं असतं?" रिकामा काटा.

अण्णा बराच वेळ चहात बघत राहिले. "त्ये पन बगितलंय, सायेब. माज्या पुतन्याच्या बोअरच्या गाडीवर. पाऊसपानी नीट झालेलं आसंल तर... लई कमी न्हाई लागत." आणि ते हसले. मामाही हसले. टाकीमागे दोघं म्हातारे हसतायत आणि सोसायटीचे चाळीस हजार मातीत गेलेत.

"मग हे लोकांना सांगत का नाही?"

"चौसष्ट टक्के म्हनलं तर कोन बोलावंल? तुमी सांगता. तुमाला बोलावतात का कुनी?"

"नाही," मामा म्हणाले. त्यात अधिक-उणे नव्हतं.

अण्णा आता महिन्यातून एकदा येतात. दोघं वहीतल्या फुल्यांवर काहीतरी करत बसतात. पावसाळा, कातळ, खोली असे रकाने पाडलेत. मामींची चहाची पातेली तेवढी मोठी झाली. दिवाळीत अण्णांनी नवं कार्ड छापून आणलं. वर गणपती, मधे नारळाचं चित्र, दोन मोबाइल नंबर, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत: चू. भू. द्या. घ्या.

मामांनी कार्ड उजेडात धरलं, मागची बाजू उलटून पाहिली, परत पुढची.

"छान आहे," ते म्हणाले. "किती, ते तेवढं राहिलं."